जुना संगणक आणि नवा महागडा मॉनिटर : पडद्याआधी पोर्ट पाहा

प्रश्न : सांगलीत माझे डीटीपीचे छोटे काम आहे. एका साप्ताहिकाची पाने, संस्थांचे अहवाल आणि लग्नसराईत पत्रिका, असे वर्षभर चालते. संगणक २०१४ साली असेंबल करून घेतलेला आहे. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, आणि मागच्या बाजूला चित्रासाठी एक एचडीएमआय व एक व्हीजीए एवढेच पोर्ट आहेत. पेजमेकर ७, श्रीलिपी, कोरलड्रॉ आणि फोटोशॉप यांवर काम होते. मुलगी पुस्तकांसाठी चित्रे काढते, तिच्याकडे २०१५ चा १५ इंची मॅकबुक प्रो आहे. दोघांत मिळून एकच, पण उत्तम मॉनिटर घ्यावा असे ठरले आहे आणि मुलीच्या मनात ॲपलचा स्टुडिओ डिस्प्ले भरला आहे. दुकानदार म्हणतो, ‘कन्व्हर्टर लावला की कशालाही चालतो.’ दीड लाख, फार तर थोडे वर, खर्च करण्याची तयारी आहे. घ्यावा का? नसेल तर काय घ्यावे?

उत्तर : आपण दोन्ही यंत्रांची माहिती इतकी नेमकी दिली आहे की उत्तर आडवळणाने देण्याची गरज नाही. या दोन यंत्रांसाठी स्टुडिओ डिस्प्ले घेऊ नये. मॉनिटर उत्तमच आहे, त्याविषयी वाद नाही. पण आपल्या घरातले एकही यंत्र त्याला हवे ते चित्र पुरवू शकत नाही, आणि ही उणीव कन्व्हर्टरने भरून निघणारी नाही.

मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आणि भारतात तेव्हा १,५९,९०० रुपयांपासून विकल्या जाणाऱ्या या मॉनिटरच्या पाठीमागे चित्र आत घेणारा पोर्ट एकच आहे आणि तो थंडरबोल्ट ३ चा, म्हणजे यूएसबी-सीच्याच आकाराच्या पण अधिक वेगवान जोडणीचा आहे. शेजारचे तीन यूएसबी-सी पोर्ट दिसायला तसेच असले, तरी ते पेनड्राइव्ह, कीबोर्ड अशा उपकरणांसाठी आहेत. एचडीएमआय नाही, डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवण्याचा दुसरा प्रचलित पोर्ट) नाही. ॲपलने तो ज्या यंत्रांसाठी चालेल असे सांगितले, त्यांत मॅकबुक प्रो २०१६ पासूनचे आहेत. मुलीचा मॅकबुक त्या यादीच्या उंबरठ्यावर अडकतो, आणि त्याचे कारण ॲपलची मर्जी एवढेच नाही. २०१५ च्या मॅकबुकवर थंडरबोल्ट २ आहे, त्याचा आकार मिनी डिस्प्लेपोर्टचा आहे आणि त्यातून निघणारा चित्राचा संदेश डिस्प्लेपोर्ट १.२ च्या मर्यादेतला आहे.

आता थोडा हिशेब मांडू, कारण दुकानातल्या बहुतेक गोंधळाचे उत्तर याच हिशेबात आहे. स्टुडिओ डिस्प्लेचा पडदा ५१२० गुणिले २८८० पिक्सेलचा, म्हणजे जवळजवळ दीड कोटी ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर संगणकाने दर सेकंदाला २१ गिगाबिटहून अधिक माहिती केबलमध्ये ढकलली पाहिजे. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून चित्रासाठी प्रत्यक्षात सव्वासतरा गिगाबिट जातात. म्हणूनच २०१४ साली डेलने पहिल्यांदा ५के (म्हणजे एवढ्याच ठिपक्यांचा) मॉनिटर काढला, तेव्हा त्याला संगणकापासून दोन डिस्प्लेपोर्ट केबल जोडाव्या लागत. आपल्या मदरबोर्डावरचा एचडीएमआय १.४ या प्रकारचा आहे. त्याची जाहिरातीतली क्षमता १०.२ आणि चित्रासाठी उरणारी सुमारे ८ गिगाबिट. जिथे २१ लागतात तिथे ८ आहेत.

दुकानदार ज्या कन्व्हर्टरविषयी बोलतो, तो बहुधा दोनांपैकी एक असणार. पहिला, ॲपलचा स्वतःचा थंडरबोल्ट ३ ते थंडरबोल्ट २ अडॅप्टर. तो दोन्ही दिशांनी चालतो हे खरे. पण तो थंडरबोल्टची जुनी-नवी उपकरणे जोडण्यासाठी आहे, त्यातून साधा डिस्प्लेपोर्टचा संदेश जात नाही, आणि तो लावल्याने जुन्या यंत्राची क्षमताही वाढत नाही. दुसरा, एचडीएमआयचे यूएसबी-सीमध्ये रूपांतर करणारा, वेगळी वीज घेणारा डबा. त्याने पडद्यावर चित्र उमटलेच, तरी ते आपल्या जुन्या एचडीएमआयला जेवढे झेपते तेवढेच असेल आणि ते ५के पडद्यावर ताणून बसवलेले दिसेल. शिवाय या मॉनिटरला चालू-बंद करण्याचे किंवा उजेड कमी-जास्त करण्याचे बटणच नाही. सगळे मॅकमधून करायचे असते, त्याच्या आतले सॉफ्टवेअर अद्ययावत करायचे तेही मॅकमधूनच. विंडोजच्या संगणकावर दिवसभर काम करणाऱ्याने दीड लाखाहून अधिक रुपये मोजून उजेड कमी करता न येणारा मॉनिटर टेबलावर ठेवावा, हे मला पटत नाही.

केबलची दिशा ही आणखी एक फसवी गोष्ट आहे. बाजारात मिळणाऱ्या यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलपैकी बहुतेक एकाच दिशेने चालतात : संगणकाकडे यूएसबी-सी आणि मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट. उलटी जोडली की पडदा काळाच राहतो, आणि ग्राहक मॉनिटर बिघडला असे समजून तो परत घेऊन जातो.

मग काय घ्यावे? माझ्या मते २७ इंची, ४के, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) आणि मागे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट व यूएसबी-सी असे तिन्ही प्रकारचे पोर्ट असलेला मॉनिटर घ्यावा. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०. वरचाच हिशेब केला, तर सेकंदाला ६० चित्रांसाठी सुमारे १२ गिगाबिट लागतात. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये ते आरामात बसतात, एचडीएमआय २.० मध्येही बसतात. एचडीएमआय १.४ मध्ये मात्र बसत नाहीत. तिथे सेकंदाला ३० चित्रांवर समाधान मानावे लागते आणि काही बोर्डांवर तर २४ वर. आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत एचडीएमआयपुढे ‘४०९६ × २१६०, २४ हर्ट्‌झ’ अशा धर्तीची नोंद असेल (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे), ती एकदा काढून पाहावी.

३० हर्ट्‌झ वाईट दिसते म्हणजे नेमके काय होते, ते सांगतो, कारण दुकानात स्थिर छायाचित्र पाहून हा दोष कळत नाही. चित्र तितकेच रेखीव असते. पण माउस जरा जोरात फिरवला की बाणाच्या जागी तुटक बाणांची रांग दिसते. कोरलड्रॉमध्ये पत्रिकेवरचा गणपती उचलून दोन बोटे उजवीकडे सरकवायला जावे, तर तो हाताच्या मागून येतो. आपण थांबतो, तो किंचित पुढे जातो, आपण परत मागे आणतो. एका पानाला हे चालेल. दिवसभरात शंभर वेळा चौकटी सरकवणाऱ्याच्या मनगटाला आणि डोक्याला ते संध्याकाळपर्यंत जाणवते.

यावर उपाय आहे आणि तो मॉनिटरच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे : संगणकात एचडीएमआय २.० असलेले साधे ग्राफिक्स कार्ड बसवावे. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे त्यांतले सहज समजणारे उदाहरण. ते सुमारे ३० वॉट वीज घेते, त्याला एसएमपीएसपासून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यापासून) वेगळी तार लागत नाही, आणि एच८१ बोर्डावरच्या लांब स्लॉटमध्ये ते बसते. या कार्डाचे मेमरीनुसार जीडीडीआर५ आणि डीडीआर४ असे दोन प्रकार विकले गेले आहेत. पहिला निवडावा, दुसरा बराच मंद आहे. नवे मिळत नसेल तर वापरलेले जीटीएक्स १०५० किंवा १०५० टीआय चालेल, त्यांत एचडीएमआय २.० आणि डिस्प्लेपोर्ट १.४ दोन्ही असतात. पण कार्डाला एसएमपीएसची वेगळी तार लागते का, ते विकत घेण्यापूर्वी पाहावे, कारण सगळ्या कंपन्यांची घडण सारखी नसते. इंटेलची आर्क मालिकेतली स्वस्त कार्डे मात्र कोणी पुढे केली तरी घेऊ नयेत. ती दहाव्या पिढीच्या आणि त्यापुढच्या संगणकांसाठी आहेत. आपल्या बोर्डावर त्यांच्याकडून पुरते काम मिळणार नाही.

दुकानदार ‘४के चालते’ म्हणून जीटी ७१० दाखवील. ते घेऊ नका. त्याचा एचडीएमआय जुन्याच प्रकारचा आहे. एनव्हिडियाच्या त्या पिढीतली कार्डे एक युक्ती करतात : ६० हर्ट्‌झ दाखवता यावेत म्हणून रंगाची माहिती चतुर्थांशावर आणतात. चित्रपट पाहताना ते लक्षातही येत नाही, पण निळ्या पट्टीवर लाल अक्षरे टाकली की कडा फुटलेल्या आणि चिकट दिसू लागतात. डीटीपी करणाऱ्याला हे मुळीच चालणार नाही. कार्ड बसवल्यावर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये रंगाचा प्रकार ‘आरजीबी’ आणि व्याप्ती ‘फुल’ आहे ना, हे पाहून घ्यावे. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला कार्ड कधी कधी टीव्ही समजते आणि व्याप्ती ‘लिमिटेड’ ठेवते; मग काळा रंग राखाडी दिसतो आणि ग्राहक उगाच मॉनिटरच्या उजेडाशी झगडत बसतो.

मुलीच्या मॅकबुकला कार्डाबिर्डाची गरज नाही. त्यावर एचडीएमआय आणि थंडरबोल्ट २ दोन्ही आहेत, पण एचडीएमआय तिथेही जुन्या प्रकारचा, म्हणजे ४के ला ३० हर्ट्‌झच देणारा आहे. तेव्हा मिनी डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट अशी साधी केबल घेऊन ती थंडरबोल्टच्या पोर्टात लावावी, ६० हर्ट्‌झ मिळतील. म्हणजे मॅकबुक डिस्प्लेपोर्टवर आणि आपला संगणक एचडीएमआयवर, अशी वाटणी आपोआप होते आणि रोज केबल काढण्या-घालण्याचा त्रास उरत नाही. मॅकबुकमध्ये पडदा ‘२५६० × १४४० सारखा दिसावा’ हा पर्याय निवडला, तर मॅक आतल्या आत ५के एवढे चित्र काढून ते ४के पर्यंत आक्रसतो. डोळ्यांना ते छान दिसते, पण दहा वर्षांच्या यंत्राला मेहनत पडते. मोठ्या चित्रांवर काम करताना पंखा जोरात फिरू लागला, तर ‘१९२० × १०८०’ वर यावे. तिथे प्रत्येक ठिपक्याचे बरोबर चार होतात आणि यंत्रावरचा भार उतरतो.

आता पेजमेकर. माझ्या अंदाजाने आपल्याला सर्वांत जास्त त्रास इथेच होणार आहे आणि याविषयी दुकानात कोणीही बोलणार नाही. पेजमेकर ७ हे २००१ सालचे सॉफ्टवेअर आहे. इतके बारीक पडदे पुढे येतील, याची त्याला कल्पनाही नव्हती. ४के पडद्यावर विंडोज स्वतःची अक्षरे दीडपट मोठी करून दाखवते, पण जुने प्रोग्राम एक तर धूसर दिसतात किंवा त्यांचे मेनू आणि टूलबॉक्स मुंगीएवढे होतात. यासाठी पेजमेकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे कम्पॅटिबिलिटी, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ असे जावे आणि खालच्या चौकटीत खूण करून आधी ‘सिस्टम एन्हान्स्ड’ आणि ते नीट न दिसल्यास ‘सिस्टम’ निवडावे. एन्हान्स्डमध्ये अक्षरे रेखीव राहतात, पण काही जुन्या खिडक्यांची मांडणी विस्कटते. ‘सिस्टम’मध्ये सगळे मोठे आणि किंचित मऊ दिसते, पण मोडत काही नाही. कोरलड्रॉची आवृत्ती आपण कळवलेली नाही. ती जुनी असेल तर हाच प्रयोग तिथेही करावा लागेल.

हा खटाटोप सांगितल्यावर आपण विचाराल, मग ४के कशासाठी? मराठी पाने तपासणाऱ्याला त्याचा जो उपयोग आहे, तो इंग्रजी परीक्षणांत सापडत नाही. आपला सध्याचा पडदा २४ इंची, १९२० गुणिले १०८० चा असेल तर त्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात. २७ इंची ४के वर ते १६३ होतात. पान पूर्ण दिसेल इतके लहान करून पाहावे आणि ‘वर्षांत’ किंवा ‘मार्गांनी’ अशा शब्दांवर नजर टाकावी. जुन्या पडद्यावर रफार आणि अनुस्वार मिळून अक्षराच्या डोक्यावर एक काळा डाग होतो आणि अनुस्वार आहे की राहिला, हे पान मोठे केल्याशिवाय कळत नाही. वेलांटीच्या गाठीशेजारचा अनुस्वार, ‘क्र’ आणि ‘त्र’ यांतला फरक, बारीक टायपातला ऱ्हस्व-दीर्घ उकार, ही सगळी तशीच ठिकाणे. साप्ताहिकाचे पान रात्री घाईने तपासताना हे पान मोठे न करता दिसणे ही चैन नाही.

आणि तरीही, हा मॉनिटर एकट्या आपल्यासाठी असता, तर मी २७ इंची, २५६० गुणिले १४४० चा, रंगांसाठी नावाजलेल्या मालिकेतला मॉनिटर सुचवला असता. आपल्या बोर्डाचा एचडीएमआय एवढे चित्र साधारणपणे ६० हर्ट्‌झवर देतो, कार्ड लागत नाही, आणि पेजमेकर शंभर टक्के आकारात, कुरकुर न करता चालते. पण मॅकबुकचा स्वतःचा पडदा इंचाला २२० ठिपक्यांचा आहे. त्याची सवय झालेल्या मुलीला १०९ ठिपक्यांचा पडदा पहिल्याच दिवशी खरबरीत वाटेल, आणि मॅकवर २०१८ नंतर अक्षरे गुळगुळीत करण्याची पद्धत बदलल्यामुळे अशा पडद्यांवर ती आणखीच फिकी दिसतात. दोघांत एकच घ्यायचा, तर ४के.

रंगांविषयी थोडेच लिहितो. आपले बरेचसे काम साप्ताहिकाच्या कागदावर आणि पत्रिकांच्या ऑफसेट छपाईत जाते, तिथे कागद आणि शाई जेवढे देतात त्याहून जास्त रंग पडद्यावर दिसून उपयोग नाही. एसआरजीबी हा नेहमीचा रंगपट्टा पूर्ण आणि डीसीआय-पी३ किंवा ॲडोबी आरजीबी हे त्याहून मोठे रंगपट्टे जमेल तितके जास्त, कारखान्यातच रंग जुळवून त्याचा अहवाल खोक्यात दिलेला, एवढे पाहावे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘एचडीआर’कडे (उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवण्याच्या सोयीकडे) दुर्लक्ष करावे, साध्या आयपीएस मॉनिटरवर त्याचा छपाईच्या कामाला काही फायदा नाही, आणि विंडोजमध्ये तो चालू राहिला तर रंग विचित्र दिसतात.

केबलवर पैसे वाचवू नयेत. डीटीएच बॉक्सबरोबर आलेली, ड्रॉवरमध्ये पडून असलेली एचडीएमआय केबल कदाचित चालेलही, पण चित्र मधेच सेकंदभर काळे होऊन परत येऊ लागले, तर आधी तिच्यावरच संशय घ्यावा. ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे प्रमाणित लेबल असलेली, दोन मीटरपेक्षा लांब नसलेली केबल पुरते. वापरलेले १०५० घेऊन ते डिस्प्लेपोर्टने जोडले आणि संगणक सुरू करताना विंडोज येईपर्यंत पडदा काळा राहिला, तर तो एनव्हिडियाच्या त्या पिढीचा जुना दोष आहे. त्यासाठी कंपनीने २०१८ साली नवे फर्मवेअर (कार्डाच्या आतले सॉफ्टवेअर) काढले होते. काही मॉनिटरांच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.२ वर आणण्याची सोय असते, तेही चालते. आपण एचडीएमआयने जोडणार असाल तर हा प्रश्न येणार नाही.

खरेदी सांगलीत करा, पुण्याच्या तपकीर गल्लीत करा किंवा घरबसल्या करा, मॅकबुक शक्य तर बरोबर न्यावा आणि त्यावर ४के ६० हर्ट्‌झ मिळतात हे दुकानातच पाहावे. घरी कार्ड बसवल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंग्ज’ इथे रिफ्रेश रेटचा आकडा ६० किंवा ५९ दिसला पाहिजे. ३० दिसला, तर केबल अजून मदरबोर्डाच्या एचडीएमआयमध्येच आहे का ते आधी पाहावे. नवे कार्ड बसवून केबल जुन्याच पोर्टात ठेवणारे पुष्कळ भेटतात. मृत पिक्सेल किती असले तर मॉनिटर बदलून मिळेल, हे बिलावर लिहून घ्यावे, तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

राहिला प्रश्न मॉनिटरवरच्या यूएसबी-सीचा. आज आपल्याकडे तो वापरणारे काहीच नाही, तरी तो असावा असे मी म्हणतो. कारण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि मुलीचा मॅकबुकही मॅकओएसच्या मॉन्टेरे या आवृत्तीपुढे जात नाही. दोन्ही यंत्रे येत्या काही वर्षांत बदलावी लागतील आणि मॉनिटर मात्र राहील. मुलीचा पुढचा मॅक यूएसबी-सीच्या एकाच केबलने त्याला जोडला जाईल आणि त्याच केबलमधून चार्जही होईल, म्हणून चार्जिंगची क्षमता ९० वॉट असलेला मॉनिटर मिळाला तर ६५ वॉटच्या ऐवजी तो घ्यावा. या सगळ्यात दीड लाखांतले बरेच पैसे शिल्लक राहतील. ते नव्या संगणकासाठी बाजूला ठेवावेत, आणि स्टुडिओ डिस्प्लेचा विषय मुलीच्या हातात नवा मॅक येईल तेव्हा तिने खुशाल पुन्हा काढावा.